रविवारचा गजर

उंदीरमामांना अकरा वर्षांपूर्वी एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं आणि ते पत्र पुन्हा उघडूनही पाहिलं नव्हतं. उघडायची गरजच काय? मजकूर त्यांना तोंडपाठ होता. 'मामा, तुम्हाला सगळं माहीत होतं. तोंड शिवून का बसलात? माझ्या चार वर्षांच्या कामाचं वाटोळं केलंत.' निळी शाई, शेवटच्या शब्दांखाली दोन रेघा. दाढी करताना, बुटाची नाडी बांधताना, पुस्तकाचं पान उलटताना ही तीन वाक्यं त्यांच्या डोक्यात वाजायची.

पत्र घरातच होतं. शब्दकोशाच्या सहा खंडांपैकी चौथ्यात, 'प ते म'मध्ये. ज्या दिवशी ते तिथे ठेवलं त्या दिवसापासून मामांनी चौथा खंड उघडला नव्हता. त्यामुळे अकरा वर्षं 'प'पासून 'म'पर्यंतच्या सगळ्या शब्दांचे अर्थ ते अंदाजाने लावत होते. पुस्तकांवर जीव टाकणारा हा माणूस वर्णमालेचा एक आख्खा तुकडा टाळून जगत होता. चावऱ्या कुत्र्याची गल्ली टाळावी, तसा.

उंदीरमामा हे त्यांना कामावर मिळालेलं नाव. एका संस्थेत आठवणींवर संशोधन करणारा विभाग होता, आणि तिथल्या पांढऱ्या उंदरांची देखभाल मामांनी एकतीस वर्षं केली. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाण्याच्या कांड्या घालायच्या. उंदीर बोलत नसत, मामाही बोलत नसत; दोन्ही पक्षांचं उत्तम जमायचं. माणसांशी मात्र पंचाईत. दुकानात जाऊन वस्तू मागायची म्हटलं तरी मामा वाक्य घरून पाठ करून जात, आणि दुकानदाराने "कुठलं देऊ?" असा उलट प्रश्न टाकला की घामाघूम होत, कारण तो भाग पाठ केलेला नसे.

पत्र लिहिणारी त्या विभागात पीएच.डी. करत होती. पहिल्या दिवशी मामा तिला मॅडम म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम कसलं मामा? मामा म्हटल्यावर मी तुमची भाची झाले." मामांना हे फार आवडलं. इतकं की त्यापुढे तिला काय हाक मारावी हेच कळेना. म्हणून ते मनातल्या मनात तिला भाची म्हणत आणि तोंडाने काहीच म्हणत नसत. काम असलं तर खोकत.

भाची बोलघेवडी होती. पिंजऱ्यांवरची कार्डं लिहिता लिहिता मामांना समजावून सांगायची. "घाबरलं ना मामा, की अंगात एक रसायन सुटतं. ते मेंदूला बजावतं, हे नीट लक्षात ठेव, पुढे जीव वाचेल. म्हणून आठवा वाढदिवस कुणाच्या लक्षात नसतो, पण आठव्या वर्षी कुत्रं चावलेलं मरेपर्यंत लक्षात राहतं." दुसऱ्या एका रसायनाबद्दल ती म्हणायची, "ते नुसतं सुखाचं नाही हो. वाटलं होतं त्यापेक्षा बरं घडलं की ते उसळतं, आणि ज्या खुणेनंतर बरं घडलं ती खूण मेंदू पकडून ठेवतो. पुढे नुसती खूण दिसली तरी तोंडाला पाणी." आणि एकदा, सतरा नंबरचा उंदीर तिच्या बोटाला चावला, त्यावर पट्टी लावताना म्हणाली, "आठवण कपाटातून काढली ना, की थोडा वेळ ओली असते. परत ठेवताना तिच्यावर आपल्याच बोटांचे ठसे उमटतात. जितक्यांदा काढाल तितके ठसे." मामांनी मान डोलावली होती. मान डोलावणं त्यांना छान जमायचं.

तिचा प्रयोग सोपा होता. चाळीस उंदीर. घंटा वाजवायची आणि पायाला विजेचा बारीकसा झटका द्यायचा. लगेच वीस जणांना ते घाबरण्याचं रसायन बोथट करणारं औषध टोचायचं, वीस जणांना नुसतं मिठाचं पाणी. दुसऱ्या दिवशी फक्त घंटा. मिठाच्या पाण्याचे उंदीर भीतीने जागच्या जागी गोठायला हवेत. औषधवाले आपले आरामात मिशा साफ करत बसायला हवेत.

घंटेसाठी तिने मामांनाच दुकानात पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'कर्कश गजराचं घड्याळ.' मामा दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "कुठलं देऊ?" मामांची बोबडी वळली. फळीवर त्यांच्या स्वतःच्या घड्याळाचा जुळा भाऊ दिसला, डोक्यावर दोन वाट्या आणि मधे हातोडी. मामांनी बोट दाखवलं आणि सुटले.

आता मामांचं स्वतःचं घड्याळ कुठे असायचं? दर रविवारी उंदरांच्या खोलीत. रविवारी विभागात चिटपाखरू नसे, म्हणून ती ड्यूटी मामा हौसेने मागून घेत. स्टुलावर बसत, पुस्तक उघडत, आणि पुस्तकात गेले की जगातून जात. एका रविवारी उंदरांना खायला घालायचं राहून गेलं, तेव्हापासून ते घड्याळ सोबत नेऊ लागले. अकराला गजर वाजला की पुस्तक मिटायचं, कांड्या घालायच्या, आणि स्वतःचा डबा उघडायचा. इतर दिवशी उंदरांना आठलाच मिळे. रविवारी अकरापर्यंत त्यांच्या पोटात कावळे ओरडत. भाचीचे उंदीर आल्यापासून प्रयोगापर्यंत असे दहा रविवार गेले.

झटक्याच्या दुसऱ्या दिवशी, उंदरांच्या परीक्षेला, भाचीने हातात स्टॉपवॉच घेऊन घंटा वाजवली. चाळीसच्या चाळीस उंदीर धावत पिंजऱ्याच्या गजांशी आले, दोन पायांवर उभे राहिले, आणि नाकं वर करून एकाच माणसाकडे पाहू लागले. कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या मामांकडे.

मामांना एका क्षणात सगळं कळलं. ते खोकले. पण बोलले नाहीत.

विभागप्रमुख सरांनी निकाल लावायला पाच मिनिटं घेतली. एकही गोठत नाही म्हणजे चाळिसांनाही औषधच टोचलं गेलं. म्हणजे दोन्ही ट्रेमधल्या कुप्या एकाच बाटलीतून भरल्या. म्हणजे लेबलं वाचायची अक्कल नाही. "गजांशी का आले मग?" भाचीने विचारलं. "उंदीर आहेत ते," सर म्हणाले, "त्यांना विचारा." सरांचा स्वभाव असा, की आपली चूक निघालीच तर ती ते दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवत आणि तिथे सापडली म्हणून ओरडत. महिन्याभरात भाची पीएच.डी. सोडून गेली. नंतर तिचं पत्र आलं. मामांनी एकदा वाचलं, कानशिलं तापली, अक्षरं पोहू लागली, आणि पत्र चौथ्या खंडात गेलं.

उत्तर पहिल्या आठवड्यात लिहायचं होतं. दुसऱ्या आठवड्यात पहिल्याची लाज आली. वर्षाने तर सुरुवातच वर्षभराच्या माफीने करावी लागली असती. हात चौथ्या खंडाकडे जायचा, छातीत ढोल वाजायचा, हात मागे यायचा, आणि सुटल्यासारखं वाटायचं. ते सुटल्यासारखं वाटणं हेच बक्षीस. मेंदूला काय, कांडी मिळाल्याशी मतलब. अकरा वर्षांत मामांच्या मेंदूने पळ काढण्याची कला उत्तम कमावली.

हे सगळं असंच चाललं असतं, पण अक्काला शब्दकोडं अडलं.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. वय पंच्याहत्तर, प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून उभा जन्म काढलेला, त्यामुळे लाज नावाचा अवयव काढून टाकलेला. नवरा गेल्यावर ती एकट्या भावाकडे राहायला आली आणि मामांच्या घरातली शांतता संपली. त्या दिवशी मामा स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"बाळ्या, तुझ्या शब्दकोशातनं प्रेमपत्र पडलं रे!"

मामांच्या हातून गाळणं सिंकमध्ये गेलं. ते धावत बाहेर आले. अक्का मांडीवर चौथा खंड घेऊन, चष्मा कपाळावरून नाकावर ओढत होती.

"अक्का, ते ठेव."

"कुणाचं आहे?"

"ठेव म्हणतो ना. मला पाठ आहे ते."

"मग माझ्या वाचण्याने काय झिजणार आहे?" आणि तिने वॉर्डातला चार्ट वाचावा तसं मोठ्याने वाचायला घेतलं.

"'मामा, नमस्कार. सर म्हणतात की मी दोन्ही ट्रे एकाच बाटलीतून भरले. मला तसं आठवत नाही. पण आता इतक्यांदा आठवून पाहिलंय, की कधीकधी माझा हात चुकीच्या बाटलीकडे जाताना मला दिसतो. खरंच गेला होता की मीच तो तिकडे नेतेय, कळत नाही. त्या सकाळी तुम्ही शेजारी कुप्या धूत होतात. मी काही चुकीचं करताना तुम्ही पाहिलंत का? पाहिलं असेल तर बिनधास्त सांगा. मी रागावणार नाही. फक्त खरं काय ते कळू द्या, म्हणजे माझा माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवता येईल. उंदरांना नमस्कार. सतरा नंबरला विशेष.'"

अक्काने पत्र उलटंसुलटं केलं. "संपलं."

"वाटोळं कुठंय?" मामांनी विचारलं.

"कसलं वाटोळं?"

"वाटोळं केलंत, असं लिहिलंय. खाली दोन रेघा आहेत."

अक्काने कागद त्यांच्या नाकासमोर धरला. रेघा होत्या. दोन होत्या. 'रागावणार नाही' या शब्दांखाली होत्या.

मामा खुर्चीवर बसले. खुर्चीवर अक्काचं विणकाम होतं, सुई टोचली, तरी बसले. अकरा वर्षं त्यांनी ते पत्र रोज कपाटातून काढलं होतं, ओलं असताना हाताळलं होतं, आणि भाचीचं अक्षर पुसून त्यावर स्वतःचे ठसे उमटवले होते. तेही एक वेळ चालेल. पण भाचीही तिकडे तेच करत बसली होती. न केलेली चूक रोज काढून पाहत होती, आणि रोज तिचा हात त्या चुकीच्या बाटलीच्या थोडा आणखी जवळ जात होता.

"रडतोयस की सुई टोचली?" अक्काने विचारलं.

"दोन्ही," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच कुणालातरी सगळं सांगितलं. दुकान, घड्याळ, दहा रविवार, खोकणं.

अक्काने शांतपणे ऐकलं. शांतपणे ऐकायची तिची आयुष्यातली ही दुसरी खेप असावी. मग म्हणाली, "म्हणजे तिचा प्रयोग तुझ्या डब्याने मारला."

"हो."

"आणि तू अकरा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास."

"नोकरी जाईल असं वाटलं. नंतर लाज वाटली. रोज तिचाच विचार करत होतो गं."

"डोंबलाचा तिचा विचार! स्वतःचा करत होतास. मी किती वाईट, मी किती वाईट. पोरगी राहिली बाजूला." अक्काने चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "चल, लिही. पत्ता आहे का तिचा?"

पाकिटावरचा पत्ता जुन्या वसतिगृहाचा होता. म्हणजे विभागात फोन करणं आलं. मामांनी चार वाक्यं कागदावर लिहून काढली, आणि उलट प्रश्न आला तर म्हणून आणखी सहा. फोन विभागातल्या कारकुनाने घेतला.

"कोण? उंदीरमामा? अहो, आहात होय अजून! कोणाचा पत्ता? ...हां हां, लेबलवाली!"

"काय वाली?"

"लेबलवाली. इथे तेच नाव आहे तिचं. नवी पोरं आली की सर पहिल्या दिवशी तिची गोष्ट सांगतात. दरवर्षी थोडी वाढते. यंदा तर तिने बाटलीही फोडलीय. लेबल दोनदा वाचा, नाहीतर लेबलवाली व्हाल! पोरं जाम हसतात." कागद चाळल्याचा आवाज आला. "आता शाळेत शिकवते म्हणे. मध्यंतरी प्रमाणपत्रासाठी तिचा अर्ज आला होता. घ्या लिहून."

मामांनी पत्ता लिहून घेतला. फोन ठेवला तेव्हा छातीत ढोल वाजतच होता, पण या वेळी तो घाबरल्याचा नव्हता. मामांना क्वचितच राग येई. त्यामुळे तो ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. विभागाची इमारत कशी बांधली गेली तिथपासून सुरुवात होती. अक्काने तो वाचून बोटांवर मोजलं. "क्षमा चौदा वेळा. हे पत्र आहे की भिकेचा कटोरा? तिने तुला काय विचारलंय? मी चुकले का? उत्तर काय? नाही. तुझं 'नाही' सातव्या पानावर आहे. तोवर ती बिचारी म्हातारी होईल."

दुसऱ्यात क्षमा पाच वेळा आली. तिसऱ्यात मामांनी आठवणी आणि रसायनं यावर दीड पान मारलं. "हे तिनेच तुला शिकवलं ना? मग तिलाच कशाला ऐकवतोस?" अक्का म्हणाली. "तुम्हाला मेंदूचं फार कौतुक. आमच्या वॉर्डात बायका खाटेवर पडून नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पुन्हा या खाटेचं तोंड बघणार नाही म्हणायच्या. दोन वर्षांनी त्याच खाटेवर हजर! विचारलं तर म्हणायच्या, इतकं काही दुखलं नव्हतं हो सिस्टर. मेंदू एक नंबरचा लबाड असतो. त्याला विचारत बसू नये, सरळ कागदावर लिहून टाकावं."

चौथ्या वेळी मामांनी मायना लिहायला घेतला आणि पेन थांबलं. मॅडम? ताई? सर्व उपाध्या त्यांनी पारखून पाहिल्या. मग तोंडाने एकदाही न उच्चारलेला शब्द लिहिला.

'प्रिय भाची,

नाही. तू काहीही चुकीचं केलं नाहीस. मी शेजारी होतो आणि मी पाहत होतो. दोन ट्रे, दोन बाटल्या, प्रत्येक लेबल तू दोनदा वाचलंस, दुसऱ्यांदा मोठ्याने. तुझा हात बरोबर बाटलीकडेच गेला होता. वेगळं काही दिसत असेल तर ते तू नंतर काढलेलं चित्र आहे.

चूक माझी आहे. सोबतच्या घड्याळाचा गजर ऐक. तुझ्या घंटेचं घड्याळ मी याच्यासारखंच आणलं, कारण दुकानदाराशी बोलायचं टाळायचं होतं. प्रयोगाआधी दहा रविवार मी उपाशी उंदरांना याच गजरावर खायला घातलं होतं. घंटा म्हणजे जेवण हे ते तुझ्याआधी माझ्याकडून शिकले होते, आणि एका झटक्याने ते पुसलं गेलं नाही. म्हणून ते गजांशी आले. त्याच क्षणी मला कळलं होतं. मी बोललो नाही. क्षमा कर.

हे पत्र सरांना आणि हवं त्याला दाखव. खाली सही केली आहे, तारीखही घातली आहे.

सतरा नंबर म्हातारपणाने गेला. तो मलाही चावला होता.'

"क्षमा एकदाच," अक्का म्हणाली. "बरोबर माप पडलं."

सकाळी तिने स्वतः घड्याळाला चावी दिली. "वस्तू द्यायची तर चालू स्थितीत द्यावी." घड्याळ पत्रासोबत खोक्यात गेलं, खोकं कागदात गेलं. दारात तिने मामांच्या खिशात बिस्किटांचा पुडा कोंबला. "कोपऱ्यावर पोचलास की एक खा. पोस्टाच्या पायरीवर एक. पाय मागे वळला तर काही नाही."

"अक्का, मी काय उंदीर आहे का?"

"उंदीर बरे. ते निदान गजापर्यंत आले होते."

पोस्टात रांग होती. मामा रांगेत उभे राहिले, वाक्य पाठ: 'हे रजिस्टर पार्सल आहे.' गजांमागे बसलेल्या बाईने खोकं हातात घेतलं आणि कानाशी नेलं.

"आजोबा, यात काय आहे?"

हा भाग पाठ केलेला नव्हता. "घड्याळ," मामा म्हणाले.

"टिकटिकतंय."

"हो. ते... चालू आहे."

"चालू कशाला ठेवलं?"

"बहीण म्हणाली," मामा म्हणाले, आणि तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले.

गजराचा काटा अकरावरून हलवायचं भान ना अक्काला राहिलं होतं, ना मामांना. खोकं बाईच्या हातात थरथरलं आणि असं काही किंचाळलं की सगळं पोस्ट गोठलं. डिंक लावणाऱ्या गृहस्थाचं बोट हवेत, रांगेतल्या बाईंची पर्स छातीशी, शेजारच्या काउंटरवरच्या कारकुनाचा शिक्का डोक्याच्या उंचीवर. श्वासाखेरीज कशाचीच हालचाल नाही. मामांनी एकतीस वर्षं हे पाहिलं होतं. हातात स्टॉपवॉच असतं तर भाचीला अगदी सुरेख आकडे मिळाले असते.

मामा स्वतः मात्र गोठले नाहीत. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हातांनी काउंटरचे गज धरलेत, टाचा उचलल्यात, आणि नाक वर करून वाट पाहतोय.

"आजोबा! बंद करा ते आधी!"

मामांनी खोकं घेतलं, कागद फाडला, वाट्यांमधली हातोडी बोटाने दाबली. शांतता झाली. मग खिशातून पुडा काढून त्यांनी एक बिस्किट स्वतः खाल्लं आणि एक गजांखालून आत सरकवलं.

"घाबरल्यावर लगेच काहीतरी चांगलं खावं," ते म्हणाले. "नाहीतर तसंच लक्षात राहतं."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, बिस्किटाकडे पाहिलं, आणि खाल्लं. मग ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढून दिली. मामांनी काटा बारावर नेला, पुन्हा विचार करून गजरच बंद केला, खोकं बांधलं, पत्ता एकदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचला.

बाईने शिक्का मारला, पावती फाडून दिली, आणि पार्सल मागच्या पोत्यात टाकलं.